आमच्या मधूचा मेन स्विच

सन दोन हजार तेवीस. माझं वय तेव्हा त्र्याहत्तर. त्या वर्षी पाऊस उघडला आणि आमच्या मेव्हण्याने, म्हणजे मधूने, रोज दिवेलागणीला आपल्याच घराचा मेन स्विच खाली ओढायला सुरुवात केली.

लाइटमध्ये काही बिघाड नव्हता. पंखा फिरतोय, फ्रीज घुमतोय, सगळं झकास. तरी मधू स्टुलावर चढायचा, चष्मा नीट करायचा, "जातेय होऽऽ" अशी आरोळी ठोकायचा आणि खट! अंधार. त्या अंधारात जरा वेळ देवळात उभं राहावं तसा उभा राहायचा. मग पुन्हा खट! उजेड. आणि हा साठी ओलांडलेला बाप्या अनवाणी धावत आतल्या खोलीत, कॉम्प्युटरसमोर. थोड्या वेळाने आतून आवाज यायचा, "गेलं! सगळं गेलं!" आणि तो आवाज असा, की बाहेरच्याला वाटावं ह्याला लॉटरी लागली.

कुणी म्हणेल, त्याचं घर, त्याचा स्विच, तांडेल, तुमच्या पोटात का दुखतं? दुखतं, कारण आमच्या दोन घरांत मीटर एक. मी लग्न केलं ते शेजारच्या घरातल्या मुलीशी. वरात भिंतीला वळसा घालून आली, एवढंच. सासरे तेव्हा म्हणाले, "जावईबापू, लाइट आमच्याकडून घ्या." सासरे गेले, पण शब्द आहे. मी वेगळं मीटर घेणार नाही. घेतलं तर मेलेल्या माणसाला खोटं पाडल्यासारखं होईल. म्हणून मधूने स्विच ओढला, की माझ्या बातम्या बंद.

मी भिंतीवर काठी आपटायचो. "ए मधू! इकडं माणसं राहतात!"

पलीकडून उत्तर ठरलेलं. "भाऊजी, बंद करून उघडल्यावर जे उरतं, तेच खरं!"

हे त्याचं वाक्य. कुठेही घालायचा. चिंचणीला एका लग्नात पंगत बसलेली असताना लाइट गेली आणि आली. सगळ्यांनी 'आली आली' म्हणून जेवायला घेतलं. हा मात्र ताटावरून उठून रांगेत बघत चालला, कोण कोण जागेवर उरलंय. मुलीच्या बापाने मला हळूच विचारलं, "हे तुमच्याकडचे का?" मी म्हटलं, "आमच्याकडचे नाहीत. मंडळींच्या माहेरचे."

मंडळी म्हणजे आमची सुमन. तिने मला वाढता वाढता चिमटा काढला. भावाला नावं ठेवलेली तिला चालत नाहीत. ती स्वतः ठेवते ती वेगळी.

मधूची रीतच तशी. तारापूरच्या एका कारखान्यात त्याने स्टोअर सांभाळण्यात जन्म घालवला. स्टोअर म्हणजे प्रत्येक वस्तूला जागा, प्रत्येक जागेला नंबर. ही सवय त्याने घरी आणली. कढईला नंबर, खराट्याला नंबर, साखरेचा डबा 'डी-चार'. त्याची बायको, गुणी बाई, पहिल्यांदा हसून हसून लोळली. नंतर तीच पाहुण्यांना सांगायची, "बसा हं, डी-चार घेऊन आले." ती गेली मोठ्या आजाराने. मुलगी वापीला दिली. मग मधू रिटायर झाला. घरात साखर डी-चारमध्ये, मीठ डी-पाचमध्ये, आणि मागणारं कोणी नाही.

आमच्यातला दुसरा माणूस असता तर पत्ते खेळला असता. हा बोईसरला जाऊन कॉम्प्युटरच्या क्लासात जावा शिकायला बसला. पहिल्या दिवशी मास्तर उठून उभे राहिले. "या काका, मुलाच्या ॲडमिशनला आलात का?" हा म्हणाला, "माझ्याच." वर्गातली पोरं त्याच्या नातवाच्या वयाची. ती कॉपी करायची ती ह्याची, हे मात्र मी मान्य करतो. हा घरी येऊन पाठ म्हणायचा. भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं, "पब्लिक, स्टॅटिक, व्हॉइड." मला वाटलं, बिचारा एकटा राहून राहून कुठल्यातरी बाबाच्या नादी लागला.

"मधू, ही जावा म्हणजे काय रे?" मी विचारलं.

"भाषा आहे, भाऊजी."

"कुठल्या मुलखात बोलतात?"

"मशीनशी बोलायची."

"मग मशीनला सांग, भाऊजींचा पंखा घरघरतो, जरा नीट फिरव."

"तसं नाही हो," म्हणून तो जो समजावायला बसला, तो सुमनने भाकऱ्या केल्या, आम्ही जेवलो, तरी उठेना. मी चौथीत शाळा सोडली. मास्तरांचं चुकत होतं म्हणून सोडली. तेव्हापासून कुणी मला शिकवायला बसलं, की माझी मान आपोआप वाकडी होते.

आता ह्या जावाचा आणि आमच्या गावाचा, धाकट्या डहाणूचा, संबंध काय, ते सांगतो.

आमच्याकडे बोंबील सुकवतात. बांबू रोवून आडव्या दोऱ्या ताणायच्या आणि दोन बोंबलांच्या तोंडात तोंड अडकवून जोडी दोरीवर टाकायची. ह्या मांडवाला आम्ही वलांडी म्हणतो. खाडीच्या तोंडाशी ज्या वलांड्या, त्यांना समुद्राचं वारं सरळ लागतं. माल कडक, पांढरा, काठीसारखा. मागे सुरूच्या झाडांकडे ज्या, तिथे वारं मरतं, माल पिवळा पडतो. म्हणून पुढच्या वलांड्या पाळीने घ्यायच्या असा जुना दंडक. पण पाळीतही भानगडी. जिच्या नवऱ्याची होडी आली नाही, तिने आपली पाळी जावेला उसनी द्यायची. जिच्या घरी सुतक, तिची पाळी पुढे ढकलायची. हे सगळं बाया तोंडी ठेवायच्या, आणि तोंडी म्हणजे काय, ते ज्याने आमच्या बायांची तोंडं ऐकली असतील त्यालाच कळेल.

महिला मंडळाची अध्यक्ष यमुनाबाई. आवाज असा, की बंदरात बोलली तर समोरच्या किनाऱ्यावरचे कावळे उडतात. तिने चिठ्ठ्या काढून बघितल्या. तर म्हणे यमुनाबाई आपल्या सुनेची चिठ्ठी दुमडताना कोपरा मोडते. झालं, पुन्हा भांडण.

तिथे आमचा मधू उभा राहिला. "मला द्या. मी प्रोग्रॅम करतो. मशीनला सून नसते."

बायांनी टाळ्या वाजवल्या. मधूला आयुष्यात कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. तो लाल झाला.

पहिला प्रोग्रॅम त्याने आठवड्यात उभा केला. बाईने नाव सांगायचं, तो टाकायचा, स्क्रीनवर पाळ्या लागायच्या. सगळं देखणं. पण संध्याकाळी लाइट गेली नि आली, आणि पडदा कोरा. एका बाईचं नाव नाही. कारण काय, तर सगळं मशीनच्या डोक्यात होतं. डोकं बंद, की विषय संपला.

मी म्हटलं, "हे तर माझ्यासारखंच झालं. दुपारी झोपून उठलो की सकाळचं आठवत नाही."

त्याच दिवशी मधू स्टुलावर चढला, पहिल्यांदा स्विच हाताने ओढला, आणि ते वाक्य जन्माला आलं.

मग सुरू झालं डेटाबेस प्रकरण. हा शब्द आमच्या आळीत इतक्यांदा उच्चारला गेला, की लहान पोरं खेळताना एकमेकांना शिवी म्हणून द्यायला लागली. डेटाबेस म्हणजे मशीनच्या आत एक असं घर, की लाइट गेली तरी तिथली नोंद जात नाही. मधू ओट्यावर बायांना समजावत होता.

"डेटाबेस म्हणजे सासू समजा. एकदा कानावर पडलेलं जन्मात विसरत नाही."

"आणि जावा?"

"जावा सून. कामाला वाघ, पण रात्री झोपली की सकाळी सगळं विसरते."

निम्म्या बाया सासवा होत्या, निम्म्या सुना. दोन्हीकडून ओरडा झाला. माझ्या सुमननेच त्याला विचारलं, "आणि ह्या दोघी एकमेकींशी बोलतात तरी का?"

मधूने मांडीवर थाप मारली. "ताई! इथंच तर गंमत आहे! बोलतच नाहीत! दोघींच्या भाषा वेगळ्या. मध्ये दलाल लागतो."

हे मात्र आम्हाला पटकन समजलं. बंदरावर गुजरातेतून व्यापारी येतो तेव्हा आमची बाई मराठीत ओरडते, तो गुजरातीत ओरडतो, आणि मधला दलाल दोघांना गोड करून सांगतो. तसाच एक दलाल मधूने मशीनमध्ये बसवला. जावाने सांगायचं, ही बाई, ही तिची पाळी, आणि दलालाने ते डेटाबेसच्या भाषेत करून त्याच्या रकान्यात भरायचं. त्या दलालाला काही सूचना आधी लिहून द्याव्या लागतात. डेटाबेस कुठे राहतो, दाराची किल्ली काय, सकाळी गेल्यावर पहिलं काम काय करायचं. एवढं सांगितलं, की तो बघून घेतो.

सांगितलं खरं. पण दार उघडेना. स्क्रीनवर लाल अक्षरं. 'कनेक्शन रिफ्यूज्ड.'

मधू खुर्चीवरून उठून उभा राहिला. "मला रिफ्यूज? तीस वर्षं माझ्या सहीशिवाय कारखान्यातून खिळा बाहेर गेला नाही, आणि मला रिफ्यूज?" दोन दिवस तो मशीनशी बोलला नाही. खरंच बोलला नाही. त्या खोलीत जायचा, पंखा लावायचा, पाठ करून बसायचा. तिसऱ्या दिवशी कळलं, की डेटाबेस चालूच केलेला नव्हता. दार वाजवतोय आणि घरात माणूसच नाही.

ते उघडल्यावर काय जल्लोष! धावत आला, माझे दोन्ही हात धरले. "भाऊजी, कनेक्ट झालं!" मी दाढी करत होतो. अर्धी मिशी गेली. ती मी नंतर आठवडाभर तशीच ठेवली, कारण उरलेली कापली असती तर चूक माझी होती असं दिसलं असतं.

मग नावं भरायची वेळ आली. सकाळची वेळ, ओट्यावर सगळ्या बाया, चहा झालेला. पहिलीच गोदामावशी. आमच्यात सगळ्यात म्हातारी.

"मावशी, नाव?"

"गोदावरी."

"नवऱ्याचं नाव?"

मावशी टोपली नीट करायला लागली.

"मावशी, नवऱ्याचं नाव लागतं. आपल्याकडे चार गोदावऱ्या आहेत. रकाना रिकामा चालत नाही."

"मी नाव घेत नाही."

"अहो, ते जाऊन किती वर्षं झाली!"

"म्हणून काय आता घेऊ? वर ऐकत नसतील का?"

यमुनाबाई ओरडली, "अगं मग उखाण्यात घे! उशीर होतोय!"

मावशीने पदर सावरला. ऐंशीच्या पुढची बाई, पण अशी लाजली, की मीच दुसरीकडे बघितलं.

"खाडीला आली भरती, होडी लागली धक्क्याला, गजाननरावांचं नाव घेते, बोंबील टाकते सुकायला."

बायांनी काय तो कल्ला केला! आणि मधू? मधू स्टोअरचा माणूस. समोरच्याने जे दिलं ते जसंच्या तसं नोंदवायचं, हा त्याचा नियम. त्याने नवऱ्याच्या नावाच्या रकान्यात अख्खा उखाणा टाइप केला, खाडीपासून सुकायला पर्यंत. बटण दाबलं. मशीनने लाल अक्षरं काढली. रकान्यात मावत नाही.

दुसरा कुणी म्हणाला असता, मावशी, नुसतं गजानन लिहितो. मधूचे डोळे चमकले. "मावत नाही म्हणजे रकाना लहान आहे! मावशीचं काही चुकलेलं नाही!" आणि त्याने तिथल्या तिथे डेटाबेसमधला रकाना मोठा केला. उखाणा गेला. मावशीने स्क्रीनवर आपला उखाणा बघितला. तिला वाचता येत नाही, तरी ती पुष्कळ वेळ बघत राहिली.

झालं! आता साधं नाव कोण देतंय? दुसरीने घातला, तिसरीने घातला. माझी बायको, जिने लग्नात माझं नाव घ्यायला अर्धा तास लावला, तिनेही घातला. त्यात मला 'वाघ' म्हटलं होतं. मी भिंतीआडून ऐकत होतो.

त्या संध्याकाळी मधू स्टुलावर चढला. "जातेय होऽऽ!" खट. खट. धावला. "गेलं! सगळं गेलं!"

डेटाबेस असून गेलं. सकाळी बाया पुन्हा ओट्यावर. "असं कसं झालं, मधूभाऊ?" "टेस्टिंग चालू आहे," मधू म्हणाला. पुन्हा चहा, पुन्हा नावं. पण कालचाच उखाणा आज कोण घालणार? कमीपणा आहे तो. नवा जुळवायचा. संध्याकाळी पुन्हा सगळं गेलं. सकाळी पुन्हा नवे.

दसरा गेला, दिवाळी गेली. रोज सकाळी माझ्या मेव्हण्याचा ओटा भरलेला, जत्रेत बांगड्यांच्या दुकानासमोर गर्दी असते तसा. टोपल्या उंबऱ्यापर्यंत. हसणं, खिदळणं, कुणाच्या सुनेला दिवस गेले, कुणाच्या होडीचं मशीन बसलं, सगळ्या गावाच्या खबरा आधी मधूकडे. आणि मधू मध्ये, चष्मा कपाळावर, "एकेक बोला, एकेक! कमिट झाल्याशिवाय, नोंद पक्की झाल्याशिवाय कुणी उठायचं नाही!" डी-चारचा डबा रोज रिकामा व्हायचा.

मी त्याला टोमणे मारायचो. "काय मधू, तुझी ती सासू आज काय विसरली?" तो नुसता हसायचा. मला वाटायचं, ह्याच्याने होणार नाही. माणूस थकला, पण हट्ट सोडत नाही. हट्टी माणसाची मला कदर आहे. मी त्याला हे सांगितलं नाही.

पण गंमत किती दिवस चालणार? मार्गशीर्षात एक दिवस बायांना नावं सांगून उठायला ऊन वर आलं. घाईत एकाच वलांडीवर दोघींनी दावा सांगितला. मशीनमध्ये बघावं, तर त्या दोघींची नावं भरायचीच राहिलेली. ही म्हणते माझी पाळी, ती म्हणते काल सांगितलं होतं. भांडण संपेपर्यंत टोपल्या उन्हात. बोंबील म्हणजे पाण्यासारखा जीव. दोघींचा माल नरम पडला, खाडीत टाकावा लागला. त्यांतली एक तिथेच वाळूत बसून रडली.

दुपारी यमुनाबाई मधूच्या दारात. ओरडली नाही. तेव्हाच मला कळलं, की प्रकरण गंभीर आहे.

"मधूभाऊ, तुमचे उपकार आहेत. पण आज संध्याकाळी समद्यांसमोर तुमचा स्विच ओढा. पाळ्या राहिल्या तर ठीक. नाही राहिल्या, तर हे बंद. उद्यापासून आम्ही आमच्या चिठ्ठ्या."

"एवढी संधी द्या," मधू म्हणाला. पण त्याचा आवाज नेहमीचा नव्हता.

दिवेलागणीला सगळी आळी जमली. मीही गेलो. बातम्या तशाही बंदच होणार होत्या. मधूने बायांच्या पाळ्या भरल्या, उखाण्यांसकट. यमुनाबाई म्हणाली, "ओढा आता."

"थांबा," मधू म्हणाला. "एक मिनिट."

तो मशीनसमोर बसला. दलालाच्या सूचनांचं पान उघडलं. वरून खाली शोधत गेला नाही, इकडेतिकडे बघितलं नाही. सरळ एका ओळीवर गेला, जसा माणूस अंधारात आपल्या घरातली कडी लावतो. एक शब्द खोडला, दुसरा लिहिला. मग त्या शब्दाकडे जरा बघत राहिला आणि उठून स्टुलावर चढला.

"जातेय हो," असं तो म्हणाला. आरोळी नव्हती ती.

खट. अंधारात कुणी खोकलं नाही. खट. उजेड आला. मधू धावला नाही. बायाच धावल्या. मशीन आपल्या चालीने उठलं. पडदा आला, प्रोग्रॅम आला, आणि एकामागून एक रांगेत सगळ्या. गोदावरी, तिची खाडी, तिची होडी, तिचे गजाननराव. एकही पाळी हललेली नव्हती.

असा गलका झाला, की पलीकडच्या आळीतली माणसं काठ्या घेऊन आली, त्यांना वाटलं चोर सापडला. यमुनाबाईने मधूला मिठीच मारायची बाकी ठेवली. गोदामावशीने त्याच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. सुमन रडायला लागली, "माझा भाऊ, माझा भाऊ." मीसुद्धा, खोटं कशाला बोलू, काठी वर करून ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. त्र्याहत्तराव्या वर्षी माणूस असं ओरडत नाही, पण ओरडलो.

"आता मोबाइलवर येईल का हो हे?" यमुनाबाईने विचारलं.

"येईल," मधू म्हणाला. "रोज पहाटे आपोआप ग्रुपवर पडेल. आता सांगायला यायला नको कुणाला."

"देवच पावला!" म्हणून बाया गेल्या. सकाळचा तास वाचला म्हणून एकमेकींना टाळ्या देत गेल्या.

ओट्यावर आम्ही दोघंच राहिलो. आत सुमन कप विसळत होती.

"मधू," मी म्हटलं, "तो शब्द काय होता?"

"आधी होता 'क्रिएट'. म्हणजे दलालाने मशीन चालू झालं की आधी जुनं घर पाडायचं आणि तिथे नवं, कोरं बांधायचं. शिकताना तसंच ठेवतात. आता केलं 'अपडेट'. म्हणजे आहे त्या घराला हात लावायचा नाही."

"म्हणजे डेटाबेस विसरत नव्हता. आपणच रोज पाडत होतो."

"हो."

"आणि हे तुला आज कळलं?"

त्याने चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला. मी वाट बघत राहिलो. मला वाट बघता येते. जाळं टाकून बसलेला माणूस आहे मी.

"पाडव्याला कळलं," तो म्हणाला. "दिवाळीच्या. मुलीचा फोन येऊन गेला होता. मग बसलो होतो, तेव्हा सापडलं. बदललं पण होतं, भाऊजी. खरंच बदललं होतं. मग पुन्हा आधीसारखं केलं."

"का?"

तो खाडीकडे बघत राहिला. "टिकलं की मग सांगायला कोण येतं?"

मला काहीतरी लागेल असं बोलायचं होतं, दोघींचा माल गेला त्यावरून. जिभेवर होतं. त्यानेच आधी म्हटलं, "त्या पोरीला रडताना बघितलं, तेव्हाच ठरवलं. यमुनाबाई नसती आली तरी आज बदलणारच होतो." मग मी काठी उचलली. उठलो आणि घरी आलो. त्या रात्री मी जेवलो कमी, असं सुमन म्हणते. मला तसं वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर उठलो. बाया टोपल्या घेऊन आमच्या दारावरून सरळ खाडीकडे गेल्या, चालता चालता मोबाइलमध्ये बघत. मधूच्या ओट्याकडे हात हलवला, थांबलं कोणी नाही. थांबायला कारणच नव्हतं. भिंतीपलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग काही नाही.

मी धुतलेला सदरा घातला. सुमन म्हणाली, "कुठे निघालात?" मी सांगितलं नाही. भिंतीला वळसा घातला, मधूच्या घरात शिरलो, सरळ आतल्या खोलीत गेलो आणि मशीनसमोरच्या खुर्चीत बसलो. मधू धावत आला.

"काय झालं, भाऊजी? लाइट गेली का?"

"लाइट आहे. ती जावा मला शिकव."

त्याने आधी मशीनकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"पहिल्यापासून शिकव," मी म्हटलं. "आणि घाई करायची नाही. माझ्या डोक्यात उशिरा शिरतं. रोज येईन मी. कालचं विसरलो, तर तुला पुन्हा सांगावं लागेल."

मधूने स्टूल ओढलं, माझ्या शेजारी बसला, उठला, चष्मा शोधला, तो कपाळावरच होता, पुन्हा बसला. "पहिला धडा सगळ्या जगात एकच असतो, भाऊजी! मोठमोठे इंजिनियर पण हाच करतात. मशीनकडून सगळ्या जगाला नमस्कार घालायचा! हॅलो!"

"आधी आपण घालायचा?"

"आधी आपण."

मी गावात कुणाला आधी नमस्कार घालत नाही. समोरच्याने घातला तर घालतो. हे सगळ्यांना माहीत आहे, मधूलाही माहीत आहे.

"कुठलं अक्षर?" मी विचारलं.

"एच. येतो का तुम्हाला?"

"येतो म्हणजे? माझ्या होडीच्या नाळेवर, पुढच्या टोकाला, एम एच लिहिलंय. मीच रंगवलाय तो."

बटणांवर अक्षरं कुठल्याच क्रमाने नव्हती. ज्याने कुणी लावली त्याचं चुकलंय, हे मी मधूला सांगितलं. तो "बरोबर आहे, भाऊजी" म्हणाला आणि बोट दाखवायला लागला. मी त्याचा हात बाजूला केला. बराच वेळ शोधलं. शेवटी मधल्या ओळीत मला तो एच सापडला, आणि मी तो दाबला.